कुंपणाची मागची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ॲपल या संगणक कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांच्या आयुष्यापासून काय शिकावं, यावरचा लेख वाचला. कॉलेज सोडण्याचं धाडस, १९७४ ची भारतवारी, १९८५ मध्ये आपणच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडावं लागणं, १९९७ मध्ये परतून ती सावरणं, सगळं त्यात आलं आहे. पॉल जॉब्ज यांचं नाव मात्र एकदाही नाही. आयटीआयमध्ये तीस वर्षं मी फिटर ट्रेडच्या मुलांना कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, धरायला शिकवली आहे. मला ही उणीव फार लागली, म्हणून हे पत्र.

पॉल हे स्टीव्हचे दत्तक वडील. शाळाही पुरी झालेली नव्हती. आधी तटरक्षक दलात होते, मग मशिनिस्ट म्हणून काम केलं, जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करून विकल्या. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी घराच्या गॅरेजात त्यांचा कामाचा बाक होता. त्याचा एक तुकडा त्यांनी लहानग्या स्टीव्हला आखून दिला, हा आता तुझा म्हणून. घराचं लाकडी कुंपण घालताना जी बाजू कुणाच्या नजरेला पडणार नाही, तीही पुढच्यासारखीच झाली पाहिजे हा त्यांचा हट्ट. कपाट केलं तर त्याच्या पाठीलाही तोच नियम. मुलगा हे विसरला नाही. १९८५ मध्ये छापून आलेल्या एका मुलाखतीत जॉब्ज सुताराचंच उदाहरण देतात: सुंदर कपाट करणारा सुतार भिंतीकडच्या बाजूला प्लायवूड ठोकून मोकळा होत नाही.

ॲपलच्या मॅकिन्टॉश (मॅक) संगणकाचं काम चालू असताना त्यांनी आतल्या सर्किट बोर्डावर हरकत घेतली. मेमरीच्या चिपा फार दाटीनं बसल्यात, बोर्ड दिसायला वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं. पेटी उघडून आत बघणार कोण, असं एका इंजिनिअरनं विचारलंच. जॉब्ज यांच्या मनासारखा बोर्ड करून पाहिला, तर तो नीट चालेना, आणि मुकाट्यानं पहिल्याच मांडणीवर यावं लागलं. वर्गात मी ही फजितीही मुद्दाम सांगत असे. न दिसणारी बाजू नीट करायची म्हणजे नटवायची, असा अर्थ मुलांनी काढू नये म्हणून. पुढे १९८२ मध्ये जॉब्ज यांनी मॅक घडवणाऱ्या चमूतल्या लोकांच्या सह्या घेतल्या आणि त्या संगणकाच्या पेटीच्या आतल्या अंगाला कोरल्या. १९८४ मध्ये मॅक बाजारात आला, तेव्हा ती पेटी उघडायलाही लांब दांड्याचा वेगळा पेचकस लागायचा. म्हणजे बहुतेक गिऱ्हाइकांना त्या सह्या आयुष्यात दिसल्या नसतील.

आमच्या वर्कशॉपमध्ये हे रोज घडतं. लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून चौरस करायचा, हा पहिल्या वर्षाचा जॉब, म्हणजे मुलानं करून द्यायची वस्तू. मुलं वरची बाजू आरशासारखी करतात आणि खालची तशीच खरबरीत सोडतात. एकदा एका मुलाला टोकलं, तर तो म्हणाला, “सर, ती बाजू खालीच जाणार, कोण बघतंय?” मी काही बोललो नाही. ठोकळा सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अगदी सपाट पाटावर, ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. तो डुगडुगला. मग त्याच बाजूला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरला, तर फटीतून उजेड दिसला. त्यालाच बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर दिला आणि चारही कोपऱ्यांची उंची घ्यायला सांगितली. चारही मापं वेगळी आली. ज्या बाजूवर जॉब टेकतो, तिच्यावरूनच बाकीच्या बाजूंची मापं घ्यायची असतात. तीच वाकडी असेल, तर वरच्या चकाकीचा काय उपयोग? त्या मुलानं उरलेला दिवस खालची बाजू घासण्यात घालवला. पुढे त्याचा जॉब मी नव्या बॅचला नमुना म्हणून दाखवत असे.

कॉलेज सोडण्याबद्दलही लिहायलाच हवं. आपल्या लेखात ते चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापलं आहे. जॉब्ज १९७२ मध्ये पोर्टलंडच्या रीड कॉलेजात गेले आणि सहा महिन्यांनी नाव काढलं, हे खरं. पण नाव काढल्यावर ते दीड वर्ष त्याच आवारात राहून, मित्रांच्या खोलीत जमिनीवर झोपून, आवडीच्या वर्गांना जाऊन बसत होते. त्यातलाच एक सुलेखनाचा वर्ग. रॉबर्ट पॅलाडिनो हे तिथे अक्षरांची वळणं आणि दोन अक्षरांमधलं अंतर शिकवत. दहा वर्षांनी मॅकवर सुंदर टंक (फाँट) आले, त्याचं मूळ त्या वर्गात आहे, असं जॉब्ज यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात स्वतः सांगितलं. (संगणकावर मराठी वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या नजरेखालून गेलेला ‘मंगल’ टंकही र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराच्या हातचा आहे. हाताला आधी अक्षर यावं लागतं.) जॉब्ज यांनी सोडली ती नावनोंदणी. शिकणं चालूच होतं.

हे अर्धवट छापल्यानं काय होतं ते मी पाहिलं आहे. माझ्या हाताखालचा एक चांगला मुलगा अखेरच्या परीक्षेला सहा महिने उरले असताना ट्रेड सोडून गेला. मोबाइलवर जॉब्ज यांचा फोटो लावलेला. कंपनी काढायची म्हणाला, कशाची ते त्यालाही सांगता येईना. कानस त्याच्या हाताला इतकी सुरेख बसली होती की मला अजून हळहळ वाटते. पुढे एसटी स्टँडवर त्याचे वडील भेटले. “सर, तुम्ही थांबवायला पाहिजे होतं,” एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.

जॉब्ज यांना देव्हाऱ्यात बसवावं, असं मी म्हणत नाही. पहिल्या मुलीचं पितृत्व त्यांनी कितीतरी दिवस नाकारलं. २००३ च्या ऑक्टोबरात स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडला, तर पथ्यं आणि इतर उपाय करत शस्त्रक्रिया जुलै २००४ पर्यंत लांबवली. तेही मुलांना कळू द्यावं.

दहावीचा निकाल लागला की आपली करिअर पुरवणी निघते. आमच्याकडची मुलं ती कापून जपून ठेवतात. येत्या पुरवणीत जॉब्ज यांच्याबद्दल छापणार असाल, तर त्या गॅरेजातल्या बाकाला आणि कुंपणाच्या मागच्या बाजूला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कुणाला पाठवून तिथल्या मुलांच्या हातचं काम छापलंत, तर फारच बरं होईल. जॉब उलटा करूनही फोटो घ्यायला सांगा.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
(जि. सातारा)