बाथरूममधल्या दांड्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मध्येच "जेवलीस का?" विचारून विषय संपवते, म्हणून लिहूनच पाठवतेय. सोलापुरात येऊनही घरी एकाच रात्री आले, तीही नुसती जेवायला, याचा आईला राग आलाय हे ठाऊक आहे. पण चर्चच्या तरुण संघाबरोबर एक घर बांधायला आले होते, टीमचा मुक्काम गावातल्या शाळेत होता आणि सकाळी सातला कामावर हजर व्हायचं होतं. ऊन चढायच्या आत होईल तेवढं काम उरकायचं. सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगणार!

काम कुंभारीच्या पुढं, अक्कलकोट रस्त्यावरून आत होतं. घर एका मावशींचं. नवरा गेलेला, पदरी एक मुलगा, आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. त्यांना सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. त्याचे १ लाख २० हजार मिळायचे होते, तेही काम पुढं सरकेल तसे हप्त्याहप्त्यानं. घर निदान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फूट. कागदावर हिशेब बसतो, पण जमीन पडली काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टिकत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदत गेले आणि बराचसा पैसा जमिनीतच गेला. भिंती खिडकीच्या वर आल्या आणि काम थांबलं. राहिलेलं साहित्य आणि मिस्त्रीची मजुरी चर्चनं दिली. आम्ही तरुण संघाची मंडळी हाताखाली.

हाताखाली म्हणजे खरोखर हाताखाली. आमच्यात इंजिनिअर होते, बँकेतले होते, एक दाताचा डॉक्टर होता, आणि सगळ्यांत निरुपयोगी तोच ठरला (त्याला हे सांगितलंय). मिस्त्री पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "ताई, वीट भिजवायलाव का नुसती धुवायलाव? कोरडी वीट मालातलं पाणी पिती की ओ." वीट पिंपात बुडवली की तिच्यातून बुडबुडे येत राहतात. ते थांबले की काढायची. मग माझं तेच काम झालं. दोन पोरांनी हौसेनं भिंतीचे तीन थर लावले. मिस्त्रीनं चहा संपवला, ओळंबा सोडला, खालच्या थरापासून दोर केवढा लांब राहतोय ते त्यांना बघू दिलं आणि एक शब्द न बोलता तिन्ही थर उतरवले. पोरांनी विटा पुसून दिल्या.

परतताना गाडीत यावरूनच वाद झाला. एकजण म्हणाला, आपल्या प्रवासाचे, जेवणाचे पैसे सरळ पाठवले असते तर मिस्त्रीनं आणखी एक खोली उठवली असती. मला ते बरंचसं पटतं. पुढच्या वेळी माणसं कमी न्यावीत आणि मजुरीला जास्त पैसे ठेवावेत, असं मी पाळकसाहेबांना सांगितलंय. बाबा, तुम्ही तर हसाल. त्याच कुंभारीत तुमच्या लाल बावट्यानं विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १० हजार घरांची वसाहत उभी केली, आणि आता रे नगर ३० हजार घरांचं. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ला दिल्या गेल्या. आणि आम्ही एका घराचे फोटो काढत होतो!

तरी जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. त्याला कारण मावशी.

त्यांना फुकट काही घ्यायचं नव्हतं. आम्ही दुपारी सावलीला गेलो की त्या आणि मुलगा विटा वाहायचे. रात्री विड्या वळून झाल्या की भिंतींवर पाणी मारायचे, कारण सिमेंटचं काम निदान सात दिवस ओलं राहिलं पाहिजे. आणि रोज आमच्यासाठी भाकरी आणि शेंगाची चटणी. आमच्या प्रमुखांना संकोच वाटला. गरीब बाईवर भार कशाला, आपण आपला डबा आणू, असं ते म्हणाले. मिस्त्रीनं त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, भाकरी नको म्हनलाव तर तिनं वीट कुठल्या तोंडानं घ्यायची?" त्या दिवसापासून डबा बंद.

भिंतीवर चर्चच्या नावाची फरशी बसवावी असंही कुणीतरी सुचवलं. पाळकसाहेबांनी उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये एवढंच म्हणून तो विषय मिटवला. शेवटच्या दिवशी मावशींनी चुलीवर दूध उतू घातलं, कोनाड्यात आपले देव मांडले, आणि मग स्वतःहून पाळकसाहेबांना म्हणाल्या, "आता तुमच्या बी देवाला सांगा की." त्यांनी छोटीशी प्रार्थना केली. आमच्यातल्या दोघातिघांना हे रुचलं नाही. मला रुचलं.

आता मुद्द्यावर येते. त्या रात्री जेवायला आले तेव्हा बाबा बाथरूममधून नळाला धरून उठताना मी पाहिलं. तो नळ आधीच हलतोय. मी म्हटलं, भिंतीला धरायला दांडा बसवून घेऊ. तर बाबा म्हणाले, "आम्हाला काय करायचंय? ते पैसे त्या बाईला द्या." आईनं मान डोलावली.

बाबा, गिरणी बंद पडल्यावरही आपल्याकडं कोण ना कोण शिकायला राहायचंच. आई स्वतःचं ताट त्यांच्यापुढं सरकवायची. घेणाऱ्याला ओशाळं कसं होऊ द्यायचं नाही, हे तुम्हाला दोघांनाही छान जमतं. पण स्वतः घ्यायची वेळ आली की नाही म्हणता. मावशींनी आमची वीट घेतली आणि आम्हाला भाकरी वाढली, दोन्ही ताठ मानेनं. तुम्हीही माझ्याकडून घ्या. २००६मध्ये जिमी कार्टर लोणावळ्याजवळ घरं बांधायला आले तेव्हा ८२ वर्षांचे होते, असं बाबा मला दर वेळी ऐकवतात. खरंय. पण त्यांच्याही घरी धरायला काहीतरी असेलच ना!

तर तोच मिस्त्री शनिवारी येईल. शनिवारी पाणी सुटणार असेल तर आदल्या दिवशी मला कळवा, रविवार सोडून दुसरा दिवस धरू. स्टीलचे दोन दांडे बसवायचेत, एक कमोडच्या उजव्या हाताला आणि एक नळाच्या बाजूला. उंची बाबांना बसवून-उठवून ठरवायची, मापानं नाही. दाराशी उंबरा आहे तो उतरवायचा आणि आत गुळगुळीत फरशीच्या जागी खडबडीत लावायची. फरशीवर दुसऱ्या दिवसापर्यंत पाय द्यायचा नाही, तेवढं शेजारच्या काकूंकडं सांगून ठेवा. मजुरी मी दिलीय, तुम्ही पुन्हा देऊ नका.

आई, त्याला जेवायला वाढ. तो नको म्हणणार नाही.

तुमची,
धाकटी