केसांच्या गोळीसोबतचा कागद कुणाच्या हातात पडतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत 'टकलावर हमखास केस' अशी जाहिरात होती. खाली डॉक्टरचे नाव नाही, नुसता मोबाइल नंबर. मी डिचोलीत 31 वर्षे फार्मसी चालवली, आता दुकान मुलगा बघतो. त्यामुळे मला आधी आठवली ती 1945 च्या औषध नियमांतली 'शेड्यूल जे'. जे आजार बरे करण्याचा दावा कुठल्याच औषधाने करायचा नाही, त्यांची ती यादी. तिच्यात टक्कल आहे, 'नवे केस उगवणे'सुद्धा आहे. आपल्या जाहिरात विभागाने ती एकदा नजरेखालून घालावी. पण पत्र लिहायला बसलो ते जाहिरातीसाठी नव्हे, फिनास्टेराइड नावाच्या केसांच्या गोळीसाठी.

दुकानात पोरगा येतो. काउंटरवर बायका असल्या तर आधी खोकल्याच्या गोळ्या मागतो, गर्दी सरेपर्यंत घुटमळतो, मग वाकून हळूच विचारतो, "भाई, केंसांची गुळी आसा?" चिठ्ठी नसते, मोबाइलवर स्ट्रिपचा फोटो असतो. औषध शेड्यूल एचमधले, चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. तरी दिले जाते. मीही दिले आहे, खोटे कशाला बोलू? देताना एक स्ट्रिप काढून दिली की दुष्परिणाम छापलेला कागद खोक्यातच राहतो. कधी हातात पडलाच, तर तो इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

यंदा चतुर्थीला फोंड्याला बहिणीकडे माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधत होतो. भाचा खाली उभा राहून एकेक फळ वर देत होता. वय 26, वेर्ण्याला नोकरी, लग्न ठरलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मामा, केसांच्या गोळीने माणूस असा निरुत्साही होतो?" आठ महिने गोळी घेत होता. फोनवरून कुणीतरी दहा मिनिटे बोलले, औषध घरपोच आले. इच्छाच उरली नव्हती, मन उदास राहायचे, आणि हे सांगायला माटोळीचा आडोसा लागला. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी गोळी बंद केली, दोनेक महिन्यांत पोरगा पूर्वीसारखा झाला. गोळीनेच झाले असे छातीठोक सांगणार नाही. रात्रपाळी होती, लग्नाचे दडपण होते. माझे म्हणणे एवढेच की असे होऊ शकते हे त्याला आधी कुणी सांगितले नव्हते.

गोळी वाईट आहे असेही मला म्हणायचे नाही. पुरुषांचे टक्कल बोअरच्या पाण्याने पडत नाही, हेल्मेटने पडत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचे दुसरे संप्रेरक तयार होते, आणि ज्यांच्या केसांची मुळे त्याला आनुवंशिकतेने हळवी असतात त्यांचा एकेक केस बारीक होत जातो. (मामाचे टक्कल भाच्याला, हे म्हणतात ते अर्धे खरे आहे. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, पण बापाचाही वाटा असतो. माझ्या डोक्याकडे बघून बहीण मलाच दोष देते.) फिनास्टेराइड हे डीएचटी कमी करते. 5 मिलिग्रॅमची गोळी 1992 मध्ये उतारवयात वाढणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी आली, 1 मिलिग्रॅमची 1997 मध्ये केसांसाठी. पुष्कळांची गळती थांबते. मात्र गोळी घेत राहावी लागते, सोडली की वर्षभरात मिळवलेले जाते.

दुष्परिणामांचे आकडे घाबरवणारे नाहीत. मूळ चाचण्यांत 100 पैकी साधारण 4 जणांना लैंगिक तक्रारी झाल्या, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत 2 जणांना. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर गेल्या. पण काहींच्या थांबवूनही राहिल्याच्या नोंदी आल्या, म्हणून अमेरिकेत 2012 मध्ये तसे लेबलवर घालावे लागले. मे 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे नक्की केले. किती जणांत, हे ठरवता येत नाही. तिकडे आता 1 मिलिग्रॅमच्या पाकिटात रुग्णासाठी एक कार्ड घालायचे ठरले आहे.

एका डॉक्टरमित्राने माझ्याशी वाद घातला, "सांगितले की पोरांना नसलेले दुष्परिणाम जाणवू लागतात." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. 2007 मध्ये इटलीत प्रोस्टेटच्या 120 रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांना लैंगिक दुष्परिणाम सांगितले होते त्यांच्यापैकी सुमारे 44 टक्क्यांनी तक्रार केली, ज्यांना सांगितले नव्हते त्यांच्यापैकी 15 टक्क्यांनी. गोळी तीच. यावर मी बरेच दिवस विचार केला. तरी माझे मत बदलले नाही. न सांगितलेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, आणि गोळी थांबवायची हे त्याला सुचतच नाही. माझ्या भाच्याला आठ महिने सुचले नाही.

शिवाय काही गोष्टी भीतीच्या नाहीत, नुसत्या माहितीच्या आहेत, आणि त्याही कुणी सांगत नाही. पैसे वाचवायला लोक 5 मिलिग्रॅमची गोळी घेऊन सुरीने चार तुकडे करतात. घरात गरोदर बाई असेल तर त्या चुऱ्याला तिचा हात लागता कामा नये, मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. गोळी चालू असताना आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदान करायचे नाही. आमच्याकडे मंडळाच्या शिबिरात हे विचारलेले मी तरी ऐकले नाही. आणि पन्नाशीपुढच्यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासणारी पीएसए ही रक्ततपासणी करताना डॉक्टरांना गोळीबद्दल सांगायलाच हवे, कारण तिच्यामुळे आकडा जवळपास निम्मा दिसतो.

टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिल या दुसऱ्या औषधाबद्दल थोडक्यात. ते मूळचे रक्तदाबाचे औषध. लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, त्याला घाबरून पोरे बाटली फेकतात. छातीत धडधड किंवा पाय सुजणे दिसले तर मात्र डॉक्टर गाठावा. घरात मांजर असेल तर बाटली जपून ठेवा, तिला ते विष आहे.

आणखी एक. पावसाळ्यात डेंग्यू झाला की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि आपोआप परतही येतात. अशी पोरेसुद्धा दिवाळीच्या सुमारास गोळी मागायला येतात. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात त्वचा विभागात दाखवले तर गोळीची गरजच नाही, असे कळण्याची शक्यता असते.

युरोपात पाकिटात कार्ड घालायचे ठरले, तसे एक पोस्टकार्डाएवढे आपल्या फार्मसीवाल्यांनी स्ट्रिपसोबत द्यावे, मराठीत आणि कोकणीत. मराठी मजकूर मी लिहून ठेवला आहे, एका त्वचारोगतज्ज्ञांनी तपासूनही दिला आहे. आपण छापणार असाल तर पाठवतो. कोकणी मजकुरासाठी कुणी वाचक पुढे आला तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, डिचोली