लॅबच्या सर्व्हरची दारं सताड उघडी नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी अकरा वर्षं संगणकांची लॅब सांभाळते. नव्या सत्रासाठी ठिकठिकाणी मशिनं लावणं सुरू आहे, म्हणून माझ्यासारखंच काम करणाऱ्यांसाठी हे पत्र.

आमच्याकडे २४ मशिनं. एकाच मशिनवर लिनक्सचं कर्नल (त्या प्रणालीचा गाभा) कंपाइल करायचं, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशिनला चालवता येईल असं रूपांतर करायचं, तर मुलांचं अख्खं प्रॅक्टिकल त्यातच जायचं. म्हणून आम्ही डिस्टसीसी (distcc) हे सॉफ्टवेअर बसवलं. ते फाइली वाटून देतं आणि बाकीच्या मशिनांवरचे त्याचे सर्व्हर त्या कंपाइल करून परत पाठवतात. गेल्या पावसाळ्यात लॅब वरच्या मजल्यावर हलली. मशिनांचे नेटवर्कवरचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते जाऊन १० ने सुरू होणारे आले, पण सर्व्हरच्या सेटिंगमधली 'अलाऊ'ची ओळ, म्हणजे कुठल्या पत्त्यांवरून काम घ्यायचं ते सांगणारी ओळ, जुनीच राहिली. अशा वेळी काम थांबत नाही, तीच तर पंचाईत. सर्व्हरने नकार दिला की डिस्टसीसी ते काम पाठवणाऱ्या मशिनवरच उरकतं. त्याची वॉर्निंग शेकडो ओळींत वाहून जाते. काम संथ का, म्हणून आम्ही दोन महिने नेटवर्कच्या स्विचला दोष देत होतो.

मग कुणीतरी त्या ओळीत ०.०.०.०/० लिहिलं, म्हणजे जगातला कुठलाही पत्ता चालेल. काम पळू लागलं आणि त्या ओळीकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत लॉग उघडला, तर वसतिगृहाच्या पत्त्यांवरून आमच्या ३६३२ पोर्टवर, म्हणजे डिस्टसीसी सर्व्हरच्या दारावर, जोडण्या झालेल्या! नुकसान काही झालं नव्हतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. या पोर्टवर पासवर्ड नसतो, सर्व्हर फक्त पत्ता बघतो. जुन्या आवृत्त्यांत तर कंपाइलच्या नावाखाली कुठलीही आज्ञा चालवता येते. ही उणीव सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२००४-२६८७ या क्रमांकाने नोंदलेली आहे. पुढे ३.३ आवृत्तीत ठरावीक कंपायलरच चालू देण्याची सोय आली, पण आपल्या कॉलेजांत जुनी मशिनं वर्षानुवर्षं तशीच चालतात.

'अलाऊ-प्रायव्हेट', म्हणजे अंतर्गत नेटवर्कचे सगळे (प्रायव्हेट) पत्ते चालू देणं, हा सोपा पर्यायही मी घेतला नाही. वसतिगृहाचे पत्तेही प्रायव्हेटच, त्यामुळे तेही आत येतात. आता ओळीत फक्त लॅबचा /२४ पट्टा, म्हणजे २५६ पत्ते आहेत, आणि फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या पहारेकऱ्यात) ३६३२ तेवढ्यांनाच खुलं आहे. बाहेरून काम करायचंच असेल, तर एसएसएचमार्गे, म्हणजे ओळख पटवून घेणाऱ्या सुरक्षित जोडणीतून.

माझी कळकळीची विनंती आहे: ओळ बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि दोन मशिनांवरून तपासा, एक लॅबमधलं, एक वसतिगृहातलं. पहिल्याचं काम सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसलं पाहिजे, दुसऱ्याला नकार मिळाला पाहिजे. आम्ही ती दुसरी तपासणी कधी केलीच नव्हती.

आपली,
एक लॅब प्रभारी,
रामबाग, इंदूर