जूनमध्ये येत नाहीये, त्याबद्दल

बोस्टन, 9 फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई आधी "जेवलीस का" विचारते, मग बाबा फोन घेऊन "इकडचं सगळं उत्तम" म्हणतात, आणि मला जे बोलायचं असतं ते तसंच राहतं. म्हणून पत्र. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, बाबांनी भिंग शोधत बसू नये.

आधी मुद्द्याचं. जूनमध्ये मी कायमची परत येत नाहीये. जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या इथल्या एका लहानशा ऑफिसात नोकरी धरली आहे. तीन वर्षांसाठी. गेल्या सोमवारी सही केली. तुम्हाला विचारून करायला हवी होती, कळतंय. पण विचारलं असतं तर बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले असते, शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज उतरला असता, आणि मग माझा हात चालला नसता. नाशिकच्या वेळी तेच झालं होतं.

पगार थोडा कमी आहे. तरी घरी येणाऱ्या पैशात एक रुपयाचा फरक पडणार नाही, कर्जाचे हप्तेही तसेच चालू राहतील. भाडं कमी व्हावं म्हणून मी घर बदलतेय. नवं घर लहान आहे पण ऊन भरपूर येतं, आणि स्वयंपाकघराला खिडकी आहे (आई, फोडणीचा वास आता कोटांना लागणार नाही). सहा वर्षं उंच इमारतींची गणितं कॉम्प्युटरवर सोडवली, एकाही दगडाला हात लागला नाही. बाबा, तुम्ही मला सिव्हिलला घातलंत ते यासाठी नव्हे. बघा, पुन्हा तुमच्याच गळ्यात टाकलं.

आई, आता त्या चर्चच्या फोटोचं. धाकट्या मावशीने "ही सारखी चर्चमध्ये काय करते?" असं विचारलं आणि तुझी झोप उडाली, हे मला वहिनीकडून कळलं. मलाच विचारायचंस ना. मी देव बदललेला नाही. कपाटात तू दिलेला गणपती आहे, संकष्टी धरते, रताळी इथे बारा महिने मिळतात. ते ट्रिनिटी चर्च आमच्या जुन्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर, कोपली चौकात. पहिल्या वर्षी हिवाळ्यात डबा खाऊन झाल्यावर ऊब शोधत आत शिरले, आणि वर बघत राहिले, एवढीच सुरुवात.

तुझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या भिंतींचं, टोकदार मनोऱ्यांचं चर्च येत असेल. हे तसं नाही. बाहेरून बसकं, भरभक्कम, गुलाबीसर ग्रॅनाइट आणि त्याला तपकिरी वाळूच्या दगडाच्या पट्ट्या. वर मधोमध एकच जाडजूड मनोरा. आत शिरलं की भिंती गडद लाल, कुंकवात तपकिरी मिसळावा तशा, वर सोनेरी नक्षी. जॉन ला फार्ज नावाच्या चित्रकाराने 1876-77 च्या हिवाळ्यात परांच्यांवर चढून, गारठ्यात, काही महिन्यांत माणसं लावून हे रंगवून घेतलं. पश्चिमेच्या भिंतीत त्याच्याच तीन उंच खिडक्या आहेत, मधल्या खिडकीत ख्रिस्त. त्यातली निळाई काचेवर काच ठेवून आणलेली आहे. दुपारी साडेतीनला ऊन तिथे आलं की तुझ्या मोरपिशी पैठणीचा पदर कोणीतरी उन्हात झटकतंय असं वाटतं. ती पैठणी नेसत जा गं, ट्रंकेत घड्यांवर चिरेल.

बाबा, तुम्ही "एपिस्कोपल म्हणजे काय" विचारलं होतंत. इंग्लंडच्या राजाचा जो पंथ, त्याचीच अमेरिकेतली शाखा, बिशप मानणारी. ही मंडळी 1733 पासूनची. 1776 मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तेव्हा पंचाईत झाली, कारण प्रार्थनेच्या पुस्तकात राजासाठी प्रार्थना होती. यांनी ती सरळ गाळली आणि दारं उघडी ठेवली. मला हे फार आवडतं. वाद नाही, गाजावाजा नाही, चार ओळी गाळल्या आणि काम पुढे चालू.

जुनी इमारत गावात दुसरीकडे होती, ती नोव्हेंबर 1872 च्या मोठ्या आगीत गेली. नव्यासाठी त्याआधीच रिचर्डसन नावाचा वास्तुकार नेमलेला होता, वय 33. सगळे गॉथिक बांधत होते तेव्हा याने त्याही मागच्या काळातल्या गोल कमानी काढल्या, आणि त्यांची चालच पडली, पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. मनोऱ्याची कल्पना स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या कॅथीड्रलवरून घेतलेली. तिथले धर्मगुरू फिलिप्स ब्रूक्स साडेसहा फुटांच्या आसपास उंच, प्रवचनकार म्हणून देशभर नाव. त्यांना खांबांआड कोणी बसायला नको होतं, म्हणून आराखडा लांबट न ठेवता चारी भुजा आखूड ठेवल्या, सभामंडपासारखा. हे गृहस्थ 1882-83 मध्ये हिंदुस्थानही फिरून गेले. 1885 मध्ये अमेरिकेतल्या वास्तुकारांनी देशातल्या सर्वांत चांगल्या दहा इमारती निवडल्या, त्यांत ही पहिली आली. पुढच्याच वर्षी रिचर्डसन गेला, 47 व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या दुखण्याने. (बाबा, क्रिएटिनिनची तपासणी या महिन्यात राहिली आहे.)

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते खालचं. हा सगळा भाग म्हणजे पूर्वीची खाडी, भरती-ओहोटीचा चिखल. नीडहॅम गावाहून रेल्वेने मुरूम आणून तीसेक वर्षं भर घालत होते. त्या भरावात सुमारे 4500 लाकडी पाइल, म्हणजे पायाचे खांब, ठोकलेत. मनोऱ्याचं वजन घ्यायला त्यांवर ग्रॅनाइटचे चार पिरॅमिड, पायथ्याशी 35 फूट चौरस, माथ्याशी 7, उंची 17 फूट. मनोरा आधी याहून उंच काढला होता, जमीन बघून कमी करावा लागला. तळघरात हे पिरॅमिड आता उघडे दिसतात. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा तळहात टेकवून बघितला. गार, खरबरीत, सांध्यात चुना. मला साइटवरचं आठवलं. मी दुसरीत असेन, तुम्ही माझा हात धरणाच्या भिंतीला लावून म्हणाला होतात, "याच्या पलीकडे सगळं पाणीच आहे." मी हात काढून घेतला होता आणि तुम्ही केवढे हसला होतात. जीपमध्ये मला तुमच्या टोपीत चिंचा दिल्या होत्या.

तर हे पाइल पाण्याखाली आहेत तोवर लाकडाला काही होत नाही. पाणी उतरलं, हवा लागली, की कुजायला सुरुवात. म्हणून या भागात जागोजाग जमिनीत नळ्या पुरल्यात आणि भूजलाची पातळी मोजून नोंदवतात. हे ऐकलं तेव्हा मला एकदम आपली विहीर दिसली. दर रविवारी आंघोळीआधी तुम्ही गाठी मारलेली दोरी सोडायचात आणि निळ्या वहीत आकडा लिहायचात. आई म्हणायची, रिटायर झाला तरी खातं सुटत नाही.

शेजारी साठ मजली हॅनकॉक टॉवर आहे, सगळा काचेचा. त्याच्या पायाचं खोदकाम चालू असताना आधाराच्या पोलादी भिंती आत झुकल्या, जमीन सरकली आणि चर्चला तडे गेले. चर्चवाले कोर्टात गेले आणि भरपाई घेतली. पुढे टॉवरच्याच काचा निखळून पडायला लागल्या, बरेच दिवस तिथे प्लायवुड ठोकलेलं होतं. आज त्या काचेत चर्चचं सुंदर प्रतिबिंब पडतं आणि लोक त्याचेच फोटो काढतात. मावशीने पाहिलेला फोटो तोच, आई.

एक गोष्ट सांगितली नव्हती. नोव्हेंबरात बाबांना हॉस्पिटलात आत नेलं, दादाचा मेसेज आला आणि मला तिकीट मिळेना, त्या दिवशी दुपारी मी तिथेच जाऊन बसले होते. एका बाजूला बर्न-जोन्स या इंग्लिश चित्रकाराने काढलेली, विल्यम मॉरिसच्या कारखान्यातली 1882 ची खिडकी आहे. म्हातारा राजा डेव्हिड सॉलोमनला देऊळ बांधायचं कसं ते सांगतोय. बांधणार मुलगा, बापाच्या वाट्याला फक्त सांगणं. मी तासभर तिच्याकडे बघत होते. प्रार्थना वगैरे केली नाही, रामरक्षा अर्धीच आठवली. संध्याकाळी दादाचा फोन आला, "बाबा चहा मागताहेत." रस्त्यात उभी राहून रडले. त्या दिवशी मी तिथे हवी होते, आणि पुढची तीन वर्षं हे मला रोज वाटणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी वाटेल.

दिवाळीला येतेय. सहा आठवडे, तिकीट काढलंय, ते ऑफिसशी आधीच बोलून घेतलंय. उन्हाळ्यात जमलं तर तुम्ही या. आईला गुडघ्यांमुळे विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, तिच्यात लाजायचं काही नाही.

आता ऐका, आणि हो म्हणून सोडून देऊ नका. न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दोन दांड्या शनिवारी बसतील, माणसाला परत पाठवायचं नाही. बंब बंद. गीझर आहे, तो देवघरातल्या मूर्तीसारखा नुसता बघायला नाही. खालच्या आळीतल्या काकू सोमवारपासून सकाळी नऊ ते एक येतील. आई, त्या यायच्या आत तू भांडी घासून ठेवायची नाहीस. त्यांना पोळ्या छान येतात. तुझ्यासारख्या नाही, पण छान. बाबांचं मीठ वेगळं काढायचं, आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. म्हणूनच वरच्या फळीवर.

विहिरीच्या कठड्याच्या दर्जा (दगडांमधल्या फटी) भरायला दादाने बोलावलेला माणूस सिमेंट वापरणार म्हणतोय. वापरू देऊ नका. जुन्या दगडाला चुनाच लागतो, सिमेंट ओल अडवून धरतं आणि मग दगडाचेच पापुद्रे सुटतात. नव्या नोकरीत मी हेच करणार आहे, तेव्हा पहिला फुकटचा सल्ला घरी. दिवाळीत आपण दोघं मिळून भरू. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचं.

ती निळी वही देवघराच्या खालच्या खणात आहे, मी निघताना पाहिली होती. मागची निम्मी पानं कोरी आहेत. त्यात रोज सकाळी, चहाआधी, प्रेशरचे दोन आकडे लिहायचे आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखवायचे. "उत्तम" चालणार नाही, आकडे हवेत. आणि विहिरीचं पाणी किती उतरलंय तेही. दोरी काकूंच्या मुलाला सोडायला सांगा, तुम्ही वाकू नका.

तुमची,
बाळी