लक्ष्मीपूजनाला मी इथंच थांबतेय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर "कुत्रं चावलं" एवढंच ऐकून आई रडायला लागली, म्हणून सगळं नीट लिहून कळवतेय. मनगटावर दोन दात लागलेत, बाकी काही नाही. इथं भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात कामाला लागतानाच रेबीजची तीन इंजेक्शनं घेतली होती, त्यामुळे आता दोनच घ्यावी लागली: एक त्याच दिवशी, दुसरं तीन दिवसांनी. त्याआधी नळाखाली हात धरून साबणाने 15 मिनिटं जखम धुतली. बाबा, गावात कुणाला कुत्रं चावलं तर चुना, मिरचीपूड काही लावू देऊ नका. आधी साबण-पाणी आणि तिथून थेट सरकारी दवाखाना.

त्या कुत्रीचा तसा काही दोष नव्हता. मानेच्या जखमेत किडे पडले होते तिच्या. औषध आत सोडलं की किडे वर येतात, मग चिमट्याने एकेक ओढून काढायचा. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. सत्तरपर्यंत मोजले, पुढं मोजवेना. एकदा चिमटा जिवंत मासाला लागला आणि ती वळली. दुसऱ्या दिवशी त्याच हातातून भात खाल्लान तिने, शेपटी हलवत. बरी झाली की नसबंदी करून, लस टोचून तिला तिच्याच चौकात सोडणार. बाबा म्हणतील, एवढं करून परत रस्त्यावरच? पण भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या 2023 च्या सरकारी नियमांत तसंच आहे, आणि मला ते पटतं. ती जागा रिकामी झाली तर बिनलसीची दुसरी कुत्री तिथं येणारच.

आई, तू विचारतेस दिवसभर करते काय. सहाला उठून आधी झाडलोट. पार्व्हो नावाच्या विषाणूची लागण झालेली पिल्लं वेगळ्या खोलीत असतात, तिथल्या चपलासुद्धा वेगळ्या, कारण हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. रक्ताची हगवण लागते, तिचा वास नाकातून जात नाही. ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी पुसायची, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. गेल्या आठवड्यात पाचांतली दोन वाचली. मग मोठ्या पातेल्यात भात, कोंबडीचे पाय, भोपळा, हळद. कांदा अजिबात घालायचा नाही, तो त्यांना बाधतो.

दत्तक न्यायला लोक रविवारी येतात. गोरी पिल्लं पटकन जातात, काळी मागं राहतात. घर भाड्याचं का, मालकाला चालतं का, गावी गेलात तर कोण बघणार, असं सगळं मी विचारते. काहींना राग येतो. येऊ दे. रात्री रडतं म्हणून चौथ्या दिवशी पिल्लू परत आणून दिलेलं मी पाहिलंय.

आणि ब्रुनो. बारा वर्षांचा लॅब्रेडॉर, तोंड पांढरं झालेलं. घर बदललं, नव्या जागी चालत नाही म्हणून आणून सोडला. तीन दिवस फाटकाकडे तोंड करून बसला होता. स्कूटरचा आवाज आला की कान उभे, स्कूटर पुढं गेली की खाली. बाबा, तेव्हा मला आपला सर्जा आठवला. औताला चालेनासा झाला तरी तुम्ही त्याला बाजार दाखवला नाहीत, कडबा बारीक करून हाताने भरवलात. मीही भातात दही कुस्करून ब्रुनोजवळ बसले. चौथ्या दिवशी त्याने ताट चाटलं.

म्हणूनच यंदा लक्ष्मीपूजनाला येत नाही. त्या रात्री फटाक्यांनी सगळी थरथरतात, जाळी उकरून नखं रक्ताळून घेतात. आम्ही खिडक्यांना गोधड्या लावतो, पंखे जोरात सोडतो आणि त्यांच्यात जाऊन बसतो. माणसं दोनच आहेत, तिसरी मी. भाऊबीजेला पहाटेच्या एसटीने निघते, दादाला सांग.

आई, माळ्यावरची जुनी लुगडी आणि धान्याची रिकामी पोती धुऊन ठेव, येताना घेऊन जाईन. थंडी सुरू झालीय. तू दिलेली हिरव्या काठाची गोधडी मी ब्रुनोला दिलीय, रागावू नकोस. त्याचे मागचे पाय फार दुखतात.

तुमची,
छोटी