लॅबमधल्या काकांना, त्या पाऊण मीटर तारेबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट कसा अडला होता, आठवतंय? कोरड्या वाळूत 30 सेंटिमीटर खाली पुरलेला लोखंडी पाइप रडारने शोधायचा होता. अशा वाळूत लाट नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंटिमीटर जाते, म्हणजे प्रतिध्वनी 4 नॅनोसेकंदांनी यायला हवा. पण तेव्हाही माझा डायपोल, म्हणजे दोन सरळ दांड्यांचा अँटेना, स्वतःच घणघणत असायचा आणि त्या शेपटात पाइप बुडून जायचा. महिनाभर मी गणितात चूक शोधत बसले.

तुम्ही गणिताला हातही लावला नाहीत. लॅबला कुलूप लावायच्या वेळी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडलंत, त्यातून 75 सेंटिमीटरची तांब्याची तार उभी केलीत, खालून केबल सोल्डर केलीत आणि नॅनोसेकंदाहून छोटा पल्स सोडलात. ऑसिलोस्कोपवर एक उंचवटा, मग जवळजवळ सपाट रेघ, आणि 5 नॅनोसेकंदांनी दुसरा उंचवटा. टोकाला जाऊन परत यायला लाटेला तेवढाच वेळ लागतो. "आता तार मध्यावर चिमटीत धर," म्हणालात. धरली, तर अडीच नॅनोसेकंदांवर नवीनच उंचवटा उगवला! माझ्या बोटांपाशी लाट अडखळत होती आणि ते मला दिसत होतं.

"सरळ तारेवर ती गुपचूप धावते गं. निघताना, वळताना, टोकाला आपटून फिरताना ओरडते."

पुस्तकातली तारभर पसरलेली साइन लाट पाहून मला वाटायचं, सगळी तार सारखीच प्रसारण करते. एकाच वारंवारतेला ते चित्र पुरतं. पल्स मात्र मुख्यतः फीडपाशी (केबल तारेला जोडलेली असते तिथे) आणि टोकांपाशी प्रसारित होतो, जिथे विद्युतभाराला वेग मिळतो किंवा त्याला एकदम मागे फिरावं लागतं. घणघणाट टोकांचा होता!

मग उपाय समजला. टोकाकडे रोध वाढवत न्यायचा, म्हणजे लाट टोकाला पोहोचेपर्यंत विरून जाते. वू आणि किंग या संशोधकांनी 1965 मध्ये हे मांडलं होतं. मला ते तुमच्या डब्यातल्या कार्बन रेझिस्टरांनी शिकवलं. सिग्नल बराच क्षीण झाला, ती किंमत मोजावीच लागते. पण 4 नॅनोसेकंदांवर पाइप स्वच्छ दिसला.

रेझिस्टरांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आता मी रस्त्यांखालच्या जलवाहिन्या शोधते. नवीन मुलं कामाला आली, की पहिल्या दिवशी पत्र्यावर तशीच तार उभी करते आणि सांगते, मध्यावर धर.

तुमची विद्यार्थिनी