स्मोक अलार्मवरची पिशवी

परभणी

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वयंपाकघराबाहेरचा स्मोक अलार्म फोडणी दिली की कोकलतो, म्हणून तुम्ही दोघींनी त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, असे तू रविवारी हसत सांगितलेस. तुझी आईही हसली. मला मात्र जेवण गेले नाही. फोनवर बोललो असतो तर आपले भांडणच झाले असते, म्हणून लिहीत आहे.

तुझा भाडेकरार आणि तिथल्या सरकारने दिलेली माहिती मी वाचून काढली. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहत्या खोल्या असलेल्या प्रत्येक मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म बसवणे आणि भाडेकरार सुरू होतो त्या दिवशी तो चालू असल्याची खात्री करणे हे घरमालकाचे काम आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून, बिघाड कळवल्यावर तो शक्य तितक्या लवकर दुरुस्त करणे किंवा बदलणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. स्थानिक प्रशासनाच्या नोटिशीलाही त्याने दाद दिली नाही, तर त्याला ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज येतो का हे पाहणे तुमच्याकडे आहे, आणि धड चालणाऱ्या यंत्राचे तोंड तुम्हीच बांधल्यावर मालकाला काय म्हणून जाब विचारणार?

झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असे नसते. सेलूला वाड्यामागची कडब्याची गंजी पेटली, तेव्हा बैल हंबरले म्हणून तुझी आजी उठली आणि आम्ही सगळे बाहेर पडलो. पुढे कितीतरी दिवस ती त्या बैलांना स्वतःच्या हाताने पेंड चारत असे. आणि तू तर लातूरला बारावीत असताना उशाशी गजर वाजत असूनही उठत नसायचीस, मावशींना दार बडवावे लागायचे. त्या पिशवीखालून आवाज तुझ्या खोलीपर्यंत कसा पोहोचणार?

पुन्हा व्याख्यान सुरू झाले, क्षमा कर. तुझ्या नेमणूकपत्राची प्रत मी अजून खिशात घेऊन हिंडतो, हे आईने सांगितलेच असेल. तेवढी जबाबदारी पेलणाऱ्या मुलीला एवढे शिकवायला नको, हे मला कळते. तरीही पिशवी आजच काढ. फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघड, आणि यंत्राची जागा बदलता येईल का, स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म मिळेल का, हे मालकाला लेखी विचार, म्हणजे पुरावा राहील. यंत्रावरची तारीखही पाहा. साधारण दहा वर्षांनी ते बदलावे लागते.

काढलीस की छताचा फोटो पाठव. आईने काळा मसाला कुटून ठेवला आहे, पुढच्या आठवड्यात पाठवू.

तुझे
बाबा

ता. क. : स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बॉयलरसाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतो. त्या वायूला वासही नसतो. तो बसवलेला आहे ना? आणि त्याला काही बांधलेले नाही ना?